चिकटवलेले टिकले पाहिजे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे हिवाळ्यातील प्रदर्शनांच्या तयारीविषयी आहेत. दिवाळीनंतर नागपूरची हवा कोरडी आणि सुखद होते, लोक संध्याकाळी घराबाहेर पडतात आणि चित्रकारही दालनाच्या तारखा त्याच दिवसांतल्या मागतात. त्यामुळे प्रत्यक्ष काम मात्र उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, म्हणजे कागद आणि गोंद या दोघांनाही जाचक असलेल्या काळात करावे लागते. कागद, कापड, लाकूड आणि रंग एकाच चित्रात आणणाऱ्यांना ही अडचण सर्वांत जास्त भोगावी लागते, म्हणून त्यांचीच चार पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवते आणि घरी एका खोलीत मिश्र माध्यमात काम करते. डिसेंबरमध्ये पाच दिवसांसाठी दालन मिळाले आहे. नऊ चित्रे तयार आहेत, आणखी पंधरा करण्याचा विचार आहे. शेवटच्या आठवड्यापर्यंत काम चालू ठेवले तर चालेल का? — एक वाचिका, प्रतापनगर

उत्तर : पंधरा चित्रांचा संकल्प तूर्त बाजूला ठेवा आणि टेप घेऊन दालनाची भिंत मोजून या. सिव्हिल लाइन्समधील चिटणवीस सेंटर असो, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे दालन असो किंवा एखाद्या महाविद्यालयाचे सभागृह असो, दारे, खिडक्या आणि स्विचबोर्ड वजा केल्यावर भिंत किती फूट उरते यावरच चित्रांची संख्या ठरते. समजा साठ फूट उरली, फ्रेमसह एका चित्राची रुंदी सरासरी अडीच फूट धरली आणि दोन चित्रांमध्ये दीड फूट मोकळी जागा ठेवली, तर १५ चित्रे बसतात. तुमची नऊ तयार आहेत. सहा हवीत, त्यातली एकदोन मनाला पटणार नाहीत हे धरून आठ करा. चोवीस चित्रे कोंबून लावलेल्या भिंतीवर पाहणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही, आणि तुम्ही सहा महिने जीव ओतून केलेले काम गर्दीत हरवते.

शेवटच्या आठवड्यापर्यंत काम चालू ठेवू नका. उद्घाटनाच्या तारखेपासून मागे मोजत या आणि शेवटचा तुकडा किमान एक महिना आधी चिकटवलेला असेल, असे वेळापत्रक आखा. ॲक्रेलिक रंग हाताला अर्ध्या तासात कोरडा लागतो, पण जाड थर आतून कोरडा व्हायला कित्येक दिवस, कधी काही आठवडे घेतो. जाड कापडाखालच्या गोंदाचेही तेच. त्याआधी वरून व्हार्निश दिले किंवा काच बसवली, तर आतला ओलावा आतच कोंडतो आणि पुढच्या पावसाळ्यात काचेच्या आतून बुरशीचे ठिपके दिसू लागतात. सणासुदीत आणि लग्नसराईत फ्रेमवाल्याकडेही रांग असते, त्यामुळे त्याला दोन आठवडे द्यावेतच. काच लावण्यापूर्वी प्रत्येक चित्राचे छायाचित्र काढून घ्या, कारण नंतर काचेत तुमचाच चेहरा आणि ट्यूबलाइट येते. काच चित्राला टेकणार नाही, मध्ये माउंट बोर्डाची किंवा पट्टीची फट राहील, हे फ्रेमवाल्याला लिहून द्या. मिश्र माध्यमात पृष्ठभाग उंचसखल असतो आणि उंच भाग काचेला चिकटला की तो सोडवता येत नाही.

दालनातल्या व्यवस्थापकांना तीन गोष्टी आधीच विचाराव्यात: भिंतीत खिळा ठोकता येतो की वरच्या पट्टीवरून साखळी सोडावी लागते, एका हुकावर किती वजन चालते आणि टांगणीसाठी आदल्या संध्याकाळी दालन उघडून मिळेल का. प्लायवूडवर केलेले चित्र कॅनव्हासच्या तिप्पट जड असू शकते. त्यामुळे मागच्या रिंगा फ्रेमच्या उंचीच्या वरच्या एकतृतीयांश रेषेवर, आणि खिळ्याने नव्हे तर स्क्रूने बसवा. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर ठेवा आणि सर्व चित्रांचे मध्य एका ताणलेल्या सुतळीवर जुळवा. वरच्या कडा जुळवायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : एप्रिलपासून खोलीत कूलर लावून काम करतो. चिकटवलेला कागद वाळल्यावर लाटांसारखा उठतो, पातळ प्लायवूड वाकते, आणि गेल्या वर्षी एकावर एक ठेवलेली दोन चित्रे एकमेकांना चिकटली. हलक्या प्रतीच्या रंगामुळे असे होते का? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : रंगाला दोष देण्याआधी हवेकडे पाहा. चित्रे चिकटण्याचा अनुभव मीही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात स्लॅबखालच्या वरच्या खोलीत मी सात चित्रे एकावर एक रचून ठेवली आणि मध्ये जुनी वर्तमानपत्रे घातली. चित्रे दोन महिन्यांपूर्वीची होती, हाताला खडखडीत कोरडी होती. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपल्यावर गठ्ठा सोडला, तेव्हा वर्तमानपत्र रंगात रुतून बसले होते आणि सर्वांत खालच्या चित्रावर बाजारभावाचा एक अख्खा रकाना उलटा उमटला होता. ओल्या बोटाने चोळून चोळून कागद काढताना आजीच्या नऊवारीच्या काठाचा चिकटवलेला तुकडाही दोन ठिकाणी उचकटला. त्यातले जांभळे दोन धागे माझ्या खणात अजून आहेत. ते चित्र मी पुन्हा कधी लावले नाही.

यात रंगाचा काही दोष नव्हता. ॲक्रेलिक हे मुळात प्लास्टिक आहे आणि उष्णतेने ते मऊ पडते. बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की बंद खोलीत पूर्ण वाळलेला थरही किंचित चिकट होतो, आणि वरून सहा चित्रांचे वजन असेल तर तो समोर येईल त्याला धरून ठेवतो. म्हणून उन्हाळ्यात चित्रे पुस्तकांसारखी उभी ठेवावीत, एकमेकांना टेकू देऊ नयेत, आणि रचणे टळतच नसेल तर केक भाजण्यासाठी मिळतो तो सिलिकॉनचा कागद मध्ये घालावा. मेणकागद वापरू नका, उष्णतेने मेण सुटून रंगावर बसते. चित्रे रिक्षातून किंवा गाडीतून नेताना बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला ठेवावेत. ते रंगाकडे राहिले तर दुपारच्या एका फेरीत चित्रभर गोल ठसे उमटतात.

आता कूलरविषयी. मे महिन्यातली नागपूरची हवा इतकी कोरडी असते की ओला कागद पाहता पाहता वाळतो, पण कूलर सुरू केला की त्याच खोलीत पावसाळ्याइतकी दमट हवा तयार होते. दिवसभर कागद ती ओल शोषून फुगतो, रात्री कूलर बंद झाला की आकसतो, आणि गोंदाने एका बाजूने धरलेला असल्यामुळे त्याला सरळ आकसता येत नाही. तुम्हाला दिसतात त्या लाटा तिथून येतात. माझा स्वतःचा नियम असा आहे की चिकटवण्याचे काम सकाळी सहा ते नऊ या वेळात, कूलर बंद ठेवूनच करायचे, आणि दुपारी कूलरसमोर बसून फक्त कापणे, निवडणे, रेखाटणे आणि हिशेब लिहिणे यांसारखी कोरडी कामे करायची.

चिकटवण्याआधी कागदाच्या मागे ब्रशने हलके पाणी फिरवून तो पाच मिनिटे फुगू द्या. फेव्हिकॉल थोडे पाणी घालून सायीइतके पातळ करा, कागद मधून कडांकडे दाबत न्या, वर बटर पेपर ठेवून स्वयंपाकघरातले जुने लाटणे फिरवा आणि रात्रभर सपाट फळीखाली वजन ठेवा. प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना आधी अस्तराचा (प्रायमरचा) हात द्या. पुढून जितक्या जाडीचा कागद लावाल, साधारण तितक्याच जाडीचा मागूनही लावा, म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा राहतो. पुस्तकबांधणी करणारा कोणताही जुना कारागीर पुठ्ठा वाकू नये म्हणून हेच करतो, आणि या कामात मी एखाद्या चित्रकारापेक्षा एका बाइंडरकडूनच अधिक शिकले आहे.

तुमच्या पत्रात ऑइल पेस्टलचा ओझरता उल्लेख आहे, म्हणून एक सावधगिरी सांगते. ॲक्रेलिकवर तैलरंग किंवा ऑइल पेस्टल चालते; तेलावर ॲक्रेलिक कधीच नाही, ते कालांतराने पापुद्र्यासारखे सुटते.

प्रश्न : आजोबांनी आजीला १९५८ च्या सुमारास लिहिलेली पत्रे, जुनी बसची तिकिटे, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि थोडे धान्य वापरून मालिका करते आहे. मूळ पत्रे चिकटवू की नको, हे ठरत नाही. — एक वाचिका, महाल

उत्तर : मूळ पत्रे चिकटवू नका. शाईच्या पेनाने लिहिलेली अक्षरे पाण्याचा अंश असलेल्या गोंदाने फुटतात, आणि फेव्हिकॉल एकदा सुकल्यावर कागद न फाडता तो सोडवण्याचा घरगुती मार्ग नाही. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की ती पत्रे दोघांमधली आहेत आणि घरातल्या इतरांचाही त्यांच्यावर हक्क आहे. आज तुम्हाला सुंदर वाटलेली ओळ उद्या तुमच्या आत्याला भिंतीवर नको असू शकेल. आधी घरात विचारा, मग पत्रांच्या प्रती काढा. झेरॉक्सची किंवा लेझर प्रिंटरची प्रत घ्या, कारण तिची काळी पूड पाण्याने पसरत नाही आणि सहसा फिकटही होत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रत मात्र ओल्या ब्रशखाली निळसर होऊन वाहू लागते. हातकागदावर प्रत काढली तर जुन्या पत्राचा पोतही बऱ्यापैकी येतो.

तिकिटांमध्ये फरक करा. छापील जुनी तिकिटे चालतील, पण आता यंत्रातून निघणारी गुळगुळीत तिकिटे आणि दुकानांची बिले उष्णतेने उमटणाऱ्या कागदाची असतात. ती उन्हात काळवंडतात आणि काही वर्षांत अक्षरे पुसून कोरी होतात. त्यांच्याही प्रतीच लावा. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन राहिलेले असते, त्यामुळे तो उजेडात पिवळा आणि ठिसूळ होतोच. ते पिवळेपण तुम्हाला हवे असेल तर वापरा, नको असेल तर टाळा. धान्य काढूनच टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्वारी किंवा तूर कितीही व्हार्निशखाली ठेवली तरी आत कीड असली तर ती बाहेर येते, आणि शेजारच्या चित्रकाराच्या फ्रेमपर्यंत पोचते.

तुम्ही महालात राहता, तेव्हा चितार ओळीतल्या मूर्तिकारांची कामे लहानपणापासून पाहिली असतील. मूर्ती सावलीत वाळू देणे, तडा गेला तर तो भरणे, ते वाळल्यावरच पुढचा हात देणे, ही शिस्त आपल्या खोलीत जशीच्या तशी आणण्याजोगी आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबती, म्हणजे मिरवणुकीतले मोठे पुतळे, हेही बांबू, कागद, कापड आणि रंग यांचेच असतात, आणि ते मिरवणुकीनंतर जाळले जातात. तिथे करणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते की हे काम एका दिवसाचे आहे. घराच्या भिंतीसाठी पैसे मोजून चित्र नेणाऱ्या माणसाशी आपला तसा करार नसतो. त्याने ते आपल्यावर विश्वास ठेवून नेलेले असते, आणि म्हणूनच चिकटवलेला प्रत्येक तुकडा त्याच्या घरातले निदान वीस पावसाळे काढील, एवढी काळजी घेणे मला आपले कर्तव्य वाटते.

प्रश्न : मी कूलरमधले जुने गवत, त्यावर साचलेल्या पांढऱ्या क्षारासह, चित्रात वापरतो. घरचे याला भंगार म्हणतात. प्रदर्शनात नावाच्या पट्टीवर फक्त ‘मिश्र माध्यम’ लिहावे का? किंमत कशी ठरवावी? — एक तरुण वाचक, नंदनवन

उत्तर : पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीचे चित्र छापलेले मेणकापड चित्रात चिकटवले आणि भोवती चौकट म्हणून दोर लावला, त्याच वर्षी त्याचा चित्रकार मित्र ब्राक याने भिंतीला लावायचा कागद कापून चित्रात आणला. आपल्याकडे शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ मध्ये गेली, आणि त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून, बोटांनी चाचपून चित्रे रचली. घरच्यांना हे सांगून पाहा, पण त्यांनी लगेच मानावे असा आग्रह धरू नका. नागपूरकराच्या घरातले चार महिने ज्या गवतातून गार झालेले असतात ते गवत पाहिल्यावर त्यांना त्यात स्वतःचे घर दिसले, तर ते आपणहून बोलतील.

किमतीबाबत एवढेच, की एकाच आकाराच्या आणि एकाच प्रकारच्या चित्रांची किंमत सारखी ठेवा, घरी वेगळी आणि दालनात वेगळी सांगू नका, आणि शेवटच्या दिवशी कमी करू नका. पहिल्या दिवशी पूर्ण रक्कम देऊन चित्र नेणाऱ्यावर तो अन्याय होतो. साहित्य, फ्रेम आणि दालनाचे भाडे यांचा खर्च चित्रांवर वाटून लिहून काढा आणि मग मेहनतीचा आकडा घाला.

नावाच्या पट्टीवर ‘मिश्र माध्यम’ एवढेच लिहू नका. ‘कूलरचे गवत, क्षार, सुती दोरा, ॲक्रेलिक, प्लायवूडवर, २४ × ३० इंच’ असे पूर्ण लिहा. घेणाऱ्याला ते कुठे लावावे हे त्यावरून कळते, आणि पुढे कोणाला दुरुस्ती करावी लागली तर त्यालाही आधार मिळतो. क्षाराच्या त्या थराविषयी मात्र आत्तापासून काळजी घ्या. तो हवेतली ओल ओढत असेल तर जुलैत पाझरू लागेल आणि खालचा रंग उचलेल. एक लहान तुकडा चिकटवून, वर व्हार्निशचे दोन हात देऊन, यंदाच्या पावसाळ्यात न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर टांगून ठेवा. पोळ्यापर्यंत तो कोरडा राहिला तर मोठ्या चित्रात घ्या. ओला झाला तर गवत धुऊन वाळवा आणि क्षाराचा पांढरा रंगाने आणा.