कोनशिला: कोपरा, गुण्या आणि गुडघा

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मंडळीच्या नव्या चर्चचा पहिला दगड बसवायचा आहे. पत्रिकेत 'पायाचा दगड' लिहावं की 'कोनशिला'? की 'कोणशिला'? दोन्ही दगड एकच का? पवित्र शास्त्रात ख्रिस्ताला कुठे पाया म्हटलंय, कुठे कोनशिला. मग उपदेशात अर्थ कोणता सांगायचा?"

शुद्धलेखनापासून सुरुवात करतो. 'कोणशिला' नाही, 'कोनशिला'. कोपऱ्याला मराठीत 'कोन' म्हणतात, 'कोण' हे सर्वनाम. हा मुद्दा संपला.

आता ज्याचा मला खरोखर त्रास होतो ते. "मान्यवरांच्या हस्ते कोनशिलेचे अनावरण झाले." हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आणि ऐकलं आहे की मोजणं सोडून दिलं. इमारत पूर्ण झालेली असते, रंग दिलेला असतो, दाराशेजारी गुळगुळीत संगमरवरी पाटी असते, तीवर आठ-दहा नावं, आणि तिच्यावरचा पडदा दोरीने बाजूला सारला जातो. त्या पाटीला ना कोन, ना ती शिला. ती काढून घेतली तर भिंतीला चार भोकं राहतील, एवढंच. कोनशिलेचं अनावरण होतच नाही. ती बसते तेव्हा तिच्यावर आवरण चढतं: चुना, माती, वरचे थर, वरच्या थरांवरचे थर. ज्या शब्दात सगळ्या इमारतीचा भार होता, तो आपण पाटीसाठी खर्च करून टाकला.

कोपऱ्याचा चिरा म्हणजे काय ते गवंड्याला विचारा. भिंतीतल्या इतर चिऱ्यांचा एकच चेहरा घडवावा लागतो, बाकी अंग भिंतीत जातं. कोपऱ्याच्या चिऱ्याचे दोन चेहरे घडवावे लागतात, कारण तो एकाच वेळी दोन भिंतींचा असतो. गवंडी आधी कोपरे साधतो, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणतो आणि मधले दगड त्या दोरीला लावत जातो. कोपरा बोटभर चुकला तर पुढची सगळी भिंत प्रामाणिकपणे चुकीच्या दिशेने जाते.

आणि कोपरा काटकोनात आहे की नाही हे तपासायला तो काय लावतो? गुण्या.

या शब्दासाठीच मी हे उत्तर लिहायला बसलो. गुण्या म्हणजे गवंड्याचं, सुताराचं काटकोनी हत्यार. पुष्कळांना वाटतं तो 'गुण'वरून आला: वस्तूचा गुण दाखवतो, म्हणून गुण्या. तसं नाही. फारसीत याच हत्याराला 'गुनिया' म्हणतात, तुर्कीत 'गोन्ये', हिंदीत 'गुनिया' किंवा 'गोनिया'. हे सगळे ग्रीक 'गोनिआ'चे वंशज. गोनिआ म्हणजे कोन. माझ्या मते मराठी गुण्या याच वाटेने कारागिरांच्या पिशवीतून आला, पंडितांच्या पोथीतून नव्हे. पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात विसाव्या वचनात ख्रिस्ताला ज्या शब्दाने कोनशिला म्हटलं आहे, तो ग्रीक शब्द 'अक्रोगोनिआयोस'. अक्रोस म्हणजे टोकाचा, पुढे तीच गोनिआ. म्हणजे नव्या करारातला शब्द रोज आपल्या गवंड्याच्या हातात असतो आणि आपल्याला पत्ता नाही.

'कोन' तरी कुठला? संस्कृतात तो 'कोण'. परंपरेचे अभ्यासक 'कुण्' धातू दाखवतात, ज्याचा अर्थ आवाज करणे. अमरकोशात 'कोण' म्हणजे वीणा वाजवायचं साधन, तिथे हा धातू शोभतो. पण भिंतीचा कोपरा कुठे वाजतो? ओढून बसवलेली व्युत्पत्ती आहे ती. दुसरा पक्ष द्राविडी भाषांकडे बोट दाखवतो, त्याच्याशी निदान वाद घालता येतो. मी मात्र 'त्रिकोण'पासून सुरू करतो. केंद्र, होरा, जामित्र यांच्यासोबत ग्रीक ज्योतिषातून आलेला हा शब्द, मूळ 'त्रिगोनोन'. त्यातूनच 'कोण' सुटा झाला असावा असं माझं ठाम मत आहे. तसं असेल तर 'कोनशिला' हे 'अक्रोगोनिआयोस'चं भाषांतर नव्हेच, तो त्याच घरातला शब्द आहे.

आता आणखी एक पाऊल मागे. गोनिआचं नातं कोशकार ग्रीक 'गोनु'शी जोडतात. गोनु म्हणजे गुडघा. लॅटिनमध्ये 'गेनू', संस्कृतात 'जानु', आपल्या 'आजानुबाहू'मधला. माणसाने पाहिलेला पहिला कोन बहुधा स्वतःच्या गुडघ्याचा. भिंत सरळ चालत येते आणि कोपऱ्यात वाकते, तिथे तिचा गुडघा आहे.

इफिसकरांस पत्र उघडा. दुसरा अध्याय संपतो तो कोनशिलेवर: तिच्यात सगळी इमारत जोडली जाते आणि पवित्र मंदिर होत वाढते. तिसऱ्याच्या पहिल्या वचनात पौल "या कारणास्तव" असं म्हणून वाक्य सुरू करतो आणि अर्ध्यात सोडतो. पुढची बारा वचनं दुसऱ्याच विषयावर जातात. चौदाव्यात तेच शब्द पुन्हा उचलतो: "या कारणास्तव मी पित्यासमोर गुडघे टेकतो." गुडघ्यांसाठी ग्रीक शब्द 'गोनाता'. मधला फाटा बाजूला ठेवला तर कोनशिलेवर उभ्या राहणाऱ्या मंदिराच्या लगेच पुढचं वाक्य गुडघे टेकण्याचं आहे. एकात 'गो' दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व, हे मला माहीत आहे. पण पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जायचं, आणि कानाला तो आवाज लागल्याशिवाय राहिला नसेल. चर्चमधली माणसं गुडघे टेकतात तेव्हा ती त्या इमारतीचाच आकार आपल्या अंगावर घेतात, असं मी मानतो. उपदेशात हे सांगा.

इथे योआखिम येरेमियास या जर्मन विद्वानाचा अडथळा येतो. त्याचं म्हणणं, हा कोपऱ्याचा दगड खाली नसतोच, इमारतीच्या माथ्यावर शेवटी बसवायचा दगड तो. त्याचा दबदबा एवढा की पुष्कळांनी ते मान्य केलं. 'न्यू इंटरनॅशनल व्हर्जन' या इंग्रजी बायबल-भाषांतराच्या १९८४च्या आवृत्तीत मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात माथ्याचा दगड आहे. २०११च्या आवृत्तीत तो पुन्हा कोपऱ्यावर आला, बरं झालं. येरेमियासला माझे दोन प्रश्न. यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात देव सियोनात हा दगड 'पायासाठी' घालतो असं स्वच्छ लिहिलं आहे, आणि लगेच पुढच्या वचनात न्यायाची दोरी आणि नीतिमत्त्वाचा ओळंबा येतो. ही कामाची सुरुवात आहे की शेवट? आणि पेत्र आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो, न मानणाऱ्यांना हाच दगड ठेच लागण्याचा होतो. माथ्यावरच्या दगडाला ठेच लागते कुणाला? पाया आणि कळस या दोन टोकांतच मन रमतं सगळ्यांचं, कोपऱ्याकडे बघायला कुणी वाकत नाही.

संत ऑगस्टिनने मात्र पाहिलं. दोन दिशांनी आलेल्या दोन भिंती, यहूदी आणि परराष्ट्रीय, या कोपऱ्यात एकमेकींना भेटतात, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. हे पौलाच्या वाचकांसाठी नुसतं रूपक नव्हतं. यरुशलेमच्या मंदिरात परक्यांना अडवणारा दगडी कठडा होता. त्यावरचा ग्रीक लेख १८७१ साली क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला सापडला आणि आता तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे: परक्याने आत पाऊल टाकू नये, पकडला गेला तर स्वतःच्या मरणाला तोच जबाबदार. इफिसकरांच्या त्याच दुसऱ्या अध्यायात पौल आडभिंत पाडल्याचं लिहितो आणि पुढे काही ओळींतच कोनशिला बसवतो. एक दगड माणसाला बाहेर ठेवणारा, एक दोघांना जोडणारा. आणि जोडणाऱ्याला दोन्ही बाजूंनी घडवून घ्यावं लागतं, छिन्नी दोन्हीकडून लागते.

दगडांमधल्या चुन्याबद्दलही एक सांगावंसं वाटतं. फ्रान्समधल्या मांदचा तेराव्या शतकातला बिशप गिय्योम द्यूराँ चर्चच्या भिंतीचा अर्थ लावताना लिहितो की चुना म्हणजे उत्कट प्रीती, वाळू म्हणजे बांधवांच्या रोजच्या गरजांसाठी केलेली कामं, आणि या दोन्हींना बांधणारं पाणी म्हणजे पवित्र आत्मा. वाळूलाही त्याने जागा दिली, म्हणून मला तो आवडतो.

राहिला पाया. करिंथकरांस पहिल्या पत्रात ख्रिस्त पाया आहे, कारण तिथे पौल स्वतःला 'आर्खितेक्तोन', कुशल मुख्य कारागीर, म्हणतो आणि पाया कुणी घातला, वर कोण काय बांधतो हा वाद सोडवतो. इफिसकरांत पाया प्रेषितांचा व संदेष्ट्यांचा, आणि तो पाया कोणत्या रेषेत पडायचा हे ठरवणारा दगड ख्रिस्त. पहिल्या ठिकाणी भार कशावर हा प्रश्न आहे, दुसऱ्या ठिकाणी दिशा कुठून घ्यायची हा. उपदेशात दोन्ही घ्या, फक्त एकाच वाक्यात कोंबू नका.

पत्रिकेचं. दगड खरोखर कोपऱ्यात बसणार असेल तर 'कोनशिला बसवण्याचा विधी' लिहा. कोपऱ्यात नसेल तर 'पायाचा दगड' लिहा, त्यात कमीपणा नाही. 'अनावरण' दोन्हीकडे नको. रोमन कॅथलिक मंडळीच्या १९७७च्या विधिक्रमानुसार, जिथे पुढे वेदी येणार तिथे आधी लाकडी क्रूस उभा करतात. आणि रिवाज असेल तर बिशप व इतरांच्या सह्यांचा कागद दगडाबरोबर पायातच बंद करतात. नावं तिथेही असतात, पण गाडलेली. दाराशेजारी नावं लावायचीच असतील तर लावा, पण त्या पाटीला 'नामफलक' म्हणा.