दहावी बीजगणित: उत्तर बरोबर असूनही गुण कापले जातात का?

हो, कापले जातात. नुसत्या अंतिम उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत, कारण महाराष्ट्र राज्य बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात. नागपूर विभागाचा पेपरही राज्यभराच्याच आराखड्याचा: बीजगणित (गणित भाग १) ४० गुण, वेळ २ तास, भूमिती ४०, अंतर्गत मूल्यमापन २०. एक गुणाचे प्रश्न फक्त ८ गुणांचे, म्हणजे उरलेल्या ३२ पैकी बहुतेक गुणांत मांडणी बघितली जाते.

गुण नेमके कुठे जातात:
- सूत्र न लिहिता थेट किमती घालणे. अंकगणिती श्रेढीत हे सर्रास दिसतं.
- क्रेमरच्या पद्धतीत (दोन चलांची समीकरणे निश्चयकांनी सोडवण्याची रीत) निश्चयक सोडवताना ऋण चिन्ह हरवणे. इथून पुढचं सगळंच चुकतं.
- शाब्दिक उदाहरणात ‘समजा, मुलाचे वय...’ हे गृहीतक गाळणे, किंवा वर्गसमीकरणाचं ऋण मूळ का सोडलं (वय ऋण नसते) ते न लिहिणे.

याचा फायदाही आहे: शेवटचा गुणाकार चुकला तरी आधीच्या बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात, म्हणून अर्धवट गणित खोडू नका. मात्र ‘कृती पूर्ण करा’ या प्रश्नांत फक्त रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. तिथे स्वतःची वेगळी रीत वापरू नये. निकालानंतर शंका असेल तर आधी विभागीय मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, पुनर्मूल्यांकन त्यानंतरच.