आधी क्ष म्हणजे काय ते लिही
शाब्दिक उदाहरण दिसलं की लगेच आकडेमोडीला लागू नकोस. पहिल्या ओळीत लिही: ‘क्ष = मुलाचं आजचं वय, वर्षांत’. नुसतं ‘क्ष = मुलगा’ लिहिलंस की पुढे गोंधळ ठरलेलाच.

आता हे बघ. आईचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त आहे. ५ वर्षांनी दोघांच्या वयांची बेरीज ५४ होईल. आईचं आजचं वय ३क्ष + ४. इथपर्यंत बहुतेक जण नीट येतात आणि मग बेरजेत ५ एकदाच मिळवतात. अरे, वय दोघांचंही वाढतं! म्हणून (क्ष + ५) + (३क्ष + ९) = ५४, म्हणजे क्ष = १०.

ताळा मात्र समीकरणात नको, मूळ वाक्यात कर: आज मुलगा १० आणि आई ३४ वर्षांची; ५ वर्षांनी १५ आणि ३९, बेरीज ५४. मांडणीच चुकली असेल तर ती इथेच सापडते.