‘इतर हक्क’ इथंही असतात

तू विचारलंस, ‘दादा, मेलबर्नला येतोय, वर्ष-दोन वर्षांत प्लॉट घ्यायचाय. तिथं जमिनीवरचा बोजा कसा बघायचा? सातबारा असतो का?’ तासगावच्या माणसाला हाच प्रश्न सुचणार. व्हिसा, परदेशी खरेदीदाराची परवानगी, फी हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही.

सातबारा नाही, टायटल असतं, म्हणजे मालकीचा दाखला. आपला सातबारा महसुली नोंद. मालकीवरून भांडण लागलं की फेरफारांची चळत घेऊन कोर्टात उभं राहायचं. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, १८६२ पासून टॉरेन्स पद्धत आहे: मोजके अपवाद सोडले तर रजिस्टरला ज्याचं नाव तोच मालक. ३० वर्षांचा सर्च, बहिणींची हक्कसोड, यातलं काही नाही. पण सातबाऱ्यावर असतात तसे ‘इतर हक्क’ इथंही असतात, फक्त विखुरलेले. गहाण आणि कॅव्हिएट (जमिनीवर कुणी हक्क सांगितल्याची नोंद) टायटलवर दिसतात. शिवाय विकणाऱ्यानं सहीआधी द्यायचं सेक्शन ३२ नावाचं बाड असतं. कव्हेनंट (जमीन कशी वापरायची याच्या अटी), कौन्सिलशी, म्हणजे इथल्या पालिकेशी, झालेले करार त्यात सापडतात. ते कन्व्हेयन्सरला, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्याला, वाचू दे, पण प्लॅन स्वतः बघ. त्यावर ई-१ लिहिलेली पट्टी म्हणजे ईझमेंट: जमीन आपली, पण वापराचा हक्क दुसऱ्याचाही. मला ती रेघ छपाईची वाटली. मागचे २ मीटर, खालून सांडपाण्याची लाइन. त्यावर शेड टाकलं, नोटीस आली, स्लॅबसकट उखडलं. बायको अजून त्या पट्टीला ‘तुमचा बांध’ म्हणते. सही केल्यावर माघारीला कामाचे ३ दिवस मिळतात. लिलावात घेतलंस तर तेही नाहीत.

शाळेचं मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. एजंटनं नकाशात शाळेची जागा दाखवली, ‘पुढच्या वर्षी होतेय’ म्हणाला. झाली चार वर्षांनी. तोवर मुलगी दोन शाळा फिरली. दुसऱ्या शाळेत ती वर्षभर डबा एकटीच खायची, हे मला ती बारावीला गेल्यावर कळलं. त्या एजंटला मी नंतर फोन केला होता. कशाला केला कोण जाणे.

एकटेपणाचं म्हणशील, तर पहिले दोन हिवाळे. मग कामात दिवस जातो.

डिपॉझिटला पैसे कमी पडले तेव्हा अण्णांनी पाठवले. ‘द्राक्षाचे आलेत’ एवढंच म्हणाले. इथल्या बँकेला वडिलांचं पत्र हवं होतं की ही भेट आहे, परत मागणार नाही. अण्णांनी मराठीत लिहिलं, मग त्याचं भाषांतर, मग पासपोर्टवर माझं मधलं नाव आहे आणि खात्यावर नाही म्हणून पुन्हा नवं पत्र. तिसऱ्यांदा अण्णा फोनवर म्हणाले, ‘परत मागत नाही म्हणून किती वेळा लिहून देऊ रं?’

ते गेल्यावर वारसनोंदीसाठी उतारा ऑनलाइन काढला. इतर हक्कात बँकेचा बोजा, तारीख त्याच महिन्यातली. इथल्या परक्या माणसाच्या जमिनीची मी पैसे देऊन तपासणी करून घेतली होती. घरचा उतारा इतक्या वर्षांत एकदाही उघडला नव्हता.

तुझेही पैसे घरून येणार असतील तर आधी तो काढ, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. आमचा बोजा थोरल्यानं आणि मी मिळून गेल्या वर्षी फेडला. कमी केल्याची नोंद अजून पडलेली नाही. बँकेचा दाखला दिलाय, पण तलाठी बदलून गेलेत.