सिंह समोर आले असते तर, हा प्रश्न जरा बाजूला ठेव

प्रिय लेकरा,

सलाम. तुझा मेसेज वाचला. रोमच्या बादशहांच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ व्हायचा, तेव्हा आपण असतो तर विश्वासात टिकलो असतो का, आणि नसतो टिकलो तर आत्ताचा आपला विश्वास खोटाच समजायचा का, असं तू विचारलंस. हा प्रश्न तुला झोपू देत नाहीये हे कळतंय, म्हणून नीट बसून लिहितेय.

पहिली गोष्ट, असली परीक्षा स्वतःच स्वतःची घेऊ नकोस. ज्यांच्यासमोर खरंच जनावरं सोडली त्यांनीसुद्धा ती घेतली नव्हती.

पर्पेतुआचं बघ. कार्थेज शहर, म्हणजे आत्ताच्या ट्युनिशियात, साल 203. वय 22च्या आसपास, चांगल्या घरातली, शिकलेली, आणि अंगावर पिणारं बाळ. अटक झाली तेव्हा तिचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता, तो तिनं पहाऱ्यात असतानाच घेतला. जेलमध्ये तिनं लिहून ठेवलेलं आज आपल्याला वाचायला मिळतं आणि त्यात ती सरळ सांगते की मी घाबरले, असला काळोख मी आधी कधी पाहिला नव्हता, वर उकाडा, गर्दी, शिपायांची धक्काबुक्की आणि बाळाच्या काळजीनं जीव कासावीस. मग तेर्तियुस आणि पोम्पोनियुस नावाच्या दोन डीकननी, म्हणजे चर्चच्या सेवकांनी, पहारेकऱ्यांना पैसे चारले आणि या लोकांना काही तास जेलच्या बऱ्या भागात बसायला मिळेल अशी सोय केली, तिथं तिनं भुकेनं मलूल झालेल्या बाळाला पाजलं. पुढे बाळाला जवळ ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा म्हणते, आता मला जेल राजवाड्यासारखा वाटायला लागला.

मला सगळ्यात जड जातं ते तिच्या वडिलांचं. ते ख्रिस्ती नव्हते. परत परत यायचे, हात धरायचे, पाया पडायचे, माझ्या पिकल्या केसांकडे बघ म्हणायचे. तिनं त्यांना कधी तुच्छ मानलं नाही, त्यांच्यासाठी जीव तुटत होता तिचा, तरी हिलारियानुस या अधिकाऱ्यानं बादशहासाठी यज्ञ कर म्हटलं तेव्हा नाही म्हणाली. तू ख्रिस्ती आहेस का? हो, आहे. एवढंच. तिच्याबरोबर फेलिसितास होती, गुलाम, आठवा महिना चालू. जेलमध्येच बाळंत झाली, कळांनी ओरडली तेव्हा पहारेकरी म्हणाला आत्ताच एवढं, जनावरांपुढे काय करशील? तर म्हणाली, आत्ताचं दुःख माझं मी सोसतेय, पण तिथं माझ्यासाठी सोसणारा दुसरा कोणी माझ्यात असेल. तिची मुलगी मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका बहिणीनं वाढवली. 7 मार्चला सगळ्यांना आखाड्यात नेलं. बघ ना, पैसे देणारे कोण, बाळ सांभाळणारी कोण, सगळी मंडळी या दोघींच्या पाठीशी आहे, एकटीच्या जिवावर धैर्य असं यात कुठे दिसतच नाही मला.

आणि मरायला पुढे धावणं म्हणजे विश्वास, असंही तेव्हाची मंडळी मानत नव्हती. स्मुर्णाचे (आत्ताच्या तुर्कस्तानातलं इझमीर) म्हातारे बिशप पॉलिकार्प सगळ्यांच्या आग्रहावरून शहराबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिले होते, पकडायला शिपाई आले तेव्हा त्या शिपायांसाठी जेवण वाढायला सांगितलं आणि प्रार्थनेला तासभर मागून घेतला. क्विंतुस नावाचा माणूस मात्र स्वतःहून हजर झाला, इतरांनाही घेऊन गेला, आणि जनावरं बघून हादरला आणि यज्ञ करून मोकळा झाला. स्मुर्णाच्या मंडळीनं हे पत्रात लिहूनच ठेवलंय, की स्वतःहून जाणाऱ्यांची आम्ही वाहवा करत नाही.

आता पडलेल्यांचं, म्हणजे छळाला घाबरून विश्वास सोडलेल्यांचं, कारण तुझी खरी भीती तीच आहे. साल 250, देकियुस बादशहाचा हुकूम, सगळ्यांनी देवांना यज्ञ करायचा आणि तसं सर्टिफिकेट घ्यायचं. इजिप्तमध्ये अशी पपायरसवरची सर्टिफिकेटं सापडलीत. कार्थेजमध्ये ख्रिस्ती लोकांची इतकी गर्दी उसळली की संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी काहींना उद्या या सांगत होते आणि लोक आजच उरका म्हणून विनवत होते. कोणी लाच देऊन नुसता कागद मिळवला. बिशप सिप्रियन स्वतः लपले, त्यावरून बोलणीही खाल्ली, पण लपून पत्रांवर पत्रं लिहून मंडळी सांभाळली.

मग छळ ओसरल्यावर पडलेले रडत परत आले. रोममध्ये नोव्हातियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना आत घ्यायचंच नाही. सिप्रियननी दार बंद केलं नाही, पण घाईही केली नाही. 251 साली कार्थेजच्या सभेत ठरलं की प्रत्येकाचं वेगळं बघायचं, पश्चात्तापाला वेळ द्यायचा. दोन वर्षांनी पुन्हा छळाची चिन्हं दिसली तेव्हा मात्र पश्चात्ताप करणाऱ्या सगळ्यांना प्रभुभोजनात, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, घेतलं, सिप्रियनचं म्हणणं असं की ज्यांना ख्रिस्ताचं रक्त आपण नाकारतो त्यांना त्याच्यासाठी रक्त सांडा म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांनीच कास्तुस आणि एमिलियुस या दोघांची आठवण लिहिलीय, पहिल्या खेपेला आगीपुढे हरले, दुसऱ्या खेपेला त्याच आगीत उभे राहिले. आणि लपलेले सिप्रियन? 14 सप्टेंबर 258ला शिक्षा ऐकून देवाचे आभार मानले आणि तलवार चालवणाऱ्याला 25 सोन्याची नाणी द्यायला सांगितली.

म्हणून तुला एकच काम सांगते. आपल्या मंडळीत हॉस्पिटलला भेटी द्यायला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जायला कोण जातं ते पाळकांना विचार आणि या महिन्यापासून त्यांच्याबरोबर जा, मुकाट्यानं पिशव्या उचल. पर्पेतुआचं लिखाण छोटं आहे, एका बैठकीत होतं, ते आधी वाच. सिप्रियनची पत्रं मोठी आहेत, ती आपण मिळून वाचू, रविवारी उपासनेनंतर थांब.

तुझी,
संडे स्कूलची बाई