रेड क्रॉसमध्ये ठरवतं कोण?

प्रश्न : मी रेड क्रॉसची आजीव सभासद. आमच्यासारख्यांचं म्हणणं दिल्लीपर्यंत पोचतं का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, पोचतं, पण पायरीपायरीनं. भारतीय रेड क्रॉस १९२० च्या कायद्यानं स्थापन झाली. राष्ट्रपती तिचे अध्यक्ष, केंद्रीय आरोग्यमंत्री सभापती, राज्य शाखेचे अध्यक्ष राज्यपाल. या मोठ्या नावांनी दबून जाऊ नका. धोरण ठरतं ते १९ जणांच्या व्यवस्थापन मंडळात. सभापती आणि ६ सदस्य राष्ट्रपती नेमतात. उरलेले १२ राज्य व केंद्रशासित प्रदेशांच्या शाखांमार्फत निवडून येतात. म्हणजे बहुमत शाखांचं! मला ही तरतूद फार मोलाची वाटते. रोजचा कारभार महासचिव बघतात, तो वेगळा.

म्हणून तुमची जागा पणजीतल्या राज्य शाखेच्या सभेत. फोंड्यात एका सेवाभावी मंडळाचा मी खजिनदार आहे. रक्तदान शिबिराला धावून येणारे पुष्कळ, वार्षिक सभेला मात्र चारच डोकी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही जा. लेखापरीक्षित हिशेब आधी मागून वाचा आणि सूचना लेखी द्या. तोंडी बोललेलं इतिवृत्तात उतरेलच असं नाही.