घरात उलट्या-जुलाबांची साथ : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या वेळच्या टपालात पोटाच्या संसर्गाविषयीची पत्रे इतकी आली, की संपूर्ण सदर त्याच एका विषयाला द्यावे असे ठरवले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : डॉक्टर, आमच्या धाकट्या मुलाला मध्यरात्री अचानक उलट्या सुरू झाल्या. दीड दिवसाने थोरल्या मुलीला, आणि तिच्यामागोमाग मला व सासूबाईंना तोच त्रास झाला. बाहेरचे कोणीही काही खाल्ले नव्हते. घरभर सॅनिटायझर फवारला, फरशी दोन-दोनदा पुसली, तरीही आजाराने एकेकाला गाठलेच. आमचे नेमके काय चुकले?

उत्तर : आपण कळवलेला क्रमच निदानाच्या दृष्टीने बोलका आहे. एकाच जेवणातून बाधा झाली असती, तर ते जेवण घेतलेले सगळे जण साधारण एकाच वेळी आजारी पडले असते. इथे एकानंतर दुसरा, मग तिसरा असे एक-दोन दिवसांच्या अंतराने झाले आहे. हे माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या विषाणूचे लक्षण असून, अशा घरगुती साथींमागे बहुधा नोरोव्हायरस असतो. शरीरात शिरल्यापासून १२ ते ४८ तासांत तो लक्षणे दाखवतो आणि बहुतेक निरोगी माणसांत १ ते ३ दिवसांत आजार ओसरतो. अडचण अशी, की रुग्णाच्या विष्ठेत आणि ओकारीत विषाणूचे कण अक्षरशः अब्जावधींनी असतात, आणि नव्या माणसाला बाधा होण्यास त्यांतले अगदी मोजके कण पुरतात.

आता सॅनिटायझरविषयी. फ्लू किंवा करोनाच्या विषाणूभोवती चरबीचे आवरण असते. अल्कोहोल ते विरघळवते आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला असे आवरणच नाही, त्याचे कवच प्रथिनांचे आहे, म्हणून अल्कोहोलचा त्याच्यावर भरवशाचा परिणाम होत नाही. साबण तरी त्याला मारतो कुठे? मारत नाही; पण साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान २० सेकंद हात चोळले, की कण त्वचेवरून सुटतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. शौचानंतर, रुग्णाला स्वच्छ केल्यानंतर, लंगोट बदलल्यानंतर आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी असे हात धुणे हाच बचावाचा मुख्य उपाय आहे. रुग्णाचा हात पुसण्याचा टॉवेल अर्थातच वेगळा असावा.

फरशी पुसण्याच्या सुवासिक द्रावणांनी वास जातो, विषाणू जाईलच असे नाही. त्यासाठी क्लोरीनयुक्त ब्लीच वापरावे. सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले साधे घरगुती ब्लीच १ लिटर पाण्यात २० मिलि घातले, की नळाच्या चाव्या, दारांच्या कड्या, फ्लशचे बटण, विजेची बटणे पुसण्यास योग्य द्रावण होते. प्रत्यक्ष ओकारी किंवा मल सांडलेल्या जागेसाठी हेच प्रमाण लिटरला १०० मिलिपर्यंत वाढवावे. द्रावण लावून लगेच पुसून टाकू नये, जागा किमान ५ मिनिटे ओली राहू द्यावी. ब्लीच कपड्यांचा रंग उडवते आणि धातूला गंज चढवते, म्हणून त्यानंतर साध्या पाण्याने पुसून घ्यावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, द्रावण रोज ताजे करावे, आणि संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

ओकारी साफ करताना बहुतेकांची एक गोष्ट राहून जाते. ती जोरात बाहेर पडते तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तुषार आजूबाजूला बऱ्याच अंतरापर्यंत उडतात, त्यामुळे दिसणाऱ्या डागापुरते पुसणे पुरेसे होत नाही. इतरांना खोलीबाहेर पाठवावे, हातमोजे आणि मास्क घालावा, कागदाने कडेकडून मध्याकडे गोळा करावे, ते कागद पिशवीत बांधून टाकावेत आणि मगच ब्लीच वापरावे. घाण तशीच असताना ओतलेल्या ब्लीचचा बराचसा जोर त्या घाणीवरच संपतो. मळलेले कपडे आणि चादरी झटकू नयेत. कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात, साबण घालून, इतर कपड्यांपासून वेगळ्या धुवाव्यात आणि पूर्ण वाळवाव्यात. कमोड असल्यास झाकण लावून मगच फ्लश करावा.

आणि आता आपण पत्रात विचारलेले नाही ते. पत्राचा सूर पाहता रात्री मुलाला धरून बसणारी, चादर धुणारी आणि सकाळी सर्वांसाठी स्वयंपाक करणारी व्यक्ती एकच होती, असा माझा अंदाज आहे. बहुतेक घरांत तसेच घडते, आणि आजार पसरण्याचा तोच सर्वात सोपा मार्ग ठरतो. घरात दुसरे कोणी धडधाकट मोठे माणूस असेल, तर आजाऱ्याची शुश्रूषा आणि स्वयंपाक ही दोन कामे पहिल्याच दिवशी दोघांत वाटून घ्यावीत. हा बदल पाच वेळा फरशी पुसण्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : पाणी पाजले की मूल लगेच उलटी करते. अशा वेळी काहीच न देणे बरे, की देत राहावे?

उत्तर : देत राहावे, मात्र पद्धत बदलावी. तहानलेल्या मुलाने घटाघट पेलाभर पाणी प्यायले, तर सुजलेले जठर ते परत फेकते. उलटीनंतर सुमारे १० मिनिटे थांबावे आणि मग दर एक-दोन मिनिटांनी एकच चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलि द्रव द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य, पण तासाभरात अशा रीतीने दीडशे मिलिपेक्षा जास्त द्रव पोटात जातो आणि बहुधा टिकतो.

द्रव कोणता, हेही तितकेच महत्त्वाचे. ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, हाच पहिला पर्याय. आतड्याच्या पेशींत साखर आणि मीठ एकत्र आत घेणारी वाट असते आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ असताना शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मिश्रण तोंडाने पाजण्यास सुरुवात केली, आणि ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेली पुडी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्णच विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने घालणे टाळावे, कारण प्रमाण बिघडले की उपयोग कमी आणि अपाय जास्त होतो. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. पुडी हाताशी नसेल, तर ती मिळेपर्यंत १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढ्यावर भागवता येते. शीतपेये आणि गोड फळरस मात्र देऊ नयेत. त्यांतील जादा साखर आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात.

दर पातळ शौचानंतर २ वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलि आणि त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलि द्रावण द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध एकदाही बंद करू नये. भूक लागली की नेहमीचे साधे अन्न द्यावे, उपाशी ठेवून आतडे लवकर बरे होते हा समज चुकीचा आहे.

प्रश्न : जुलाब थांबवण्याची गोळी किंवा प्रतिजैविक घ्यावे का?

उत्तर : प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही, येथे ती घेतल्याने जुलाब वाढण्याचीच शक्यता अधिक. लोपेरामाइडसारखी औषधे लहान मुलांना देऊ नयेत, आणि ताप किंवा शौचातून रक्त असल्यास मोठ्यांनीही घेऊ नयेत. मुलांसाठी जस्ताचे औषध १० ते १४ दिवस द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्याची मात्रा वयानुसार आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

प्रश्न : वडील ऐंशीच्या घरात आहेत आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. त्यांना संसर्ग झाला तर घरी सांभाळता येईल का? दवाखान्यात केव्हा न्यावे?

उत्तर : त्यांच्या बाबतीत मी फार वाट पाहणार नाही. या वयात तहानेची जाणीव मंदावलेली असते, त्यामुळे शरीरातले पाणी बरेच कमी झाले तरी ते पाणी मागतीलच असे नाही. त्यातच लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे आणि मधुमेहाच्या काही गोळ्या शरीर शुष्क असताना मूत्रपिंडावर ताण आणू शकतात. त्यांपैकी कोणत्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे उलट्या-जुलाब सुरू झालेल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून विचारावे, मनाने बंद करू नयेत. उभे राहताना चक्कर येणे, गोंधळल्यासारखे बोलणे, लघवी अगदी कमी किंवा गडद होणे यांपैकी काहीही दिसले, तर त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

लहान मुलांत धोक्याच्या खुणा थोड्या वेगळ्या असतात : सहा-आठ तास लघवी न होणे, रडताना अश्रू न येणे, डोळे खोल जाणे, बाळाची टाळू खोलगट दिसणे, मूल मलूल पडणे किंवा उठवूनही नीट जागे न होणे. कोणत्याही वयात शौचातून रक्त येणे, उलटी हिरवी होणे, पोटात सतत तीव्र दुखणे, जास्त ताप असणे किंवा चमच्याने दिलेला द्रवही न टिकणे, ही घरी थांबण्याची वेळ नव्हे. ६ महिन्यांखालील बाळाला तर सुरुवातीलाच दाखवावे.

प्रश्न : आम्ही सगळे आडवे झालो, पण यजमानांना काहीच झाले नाही. त्यांची प्रतिकारशक्ती आमच्यापेक्षा चांगली म्हणायची का? आणि एकदा झाल्यावर हा आजार पुन्हा होतो का?

उत्तर : यजमानांनी तसा दावा केला असेल, तर तो सध्या राखून ठेवावा. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी १९६८ मध्ये एका शाळेत ही साथ आली होती, आणि नोरोव्हायरस हे नाव त्या गावावरूनच आले. तेव्हाही विद्यार्थ्यांच्या घरच्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांशच आजारी पडले. काही जण केवळ संपर्कातून सुटतात. काहींच्या एफयूटी२ या जनुकात असा जन्मजात फरक असतो, की विषाणूच्या अनेक प्रकारांना त्यांच्या आतड्याच्या पेशींना चिकटताच येत नाही. तर काहींना लक्षणांविना बाधा होते आणि त्यांच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो. म्हणून त्यांनीही तुमच्याइतकेच कसोशीने हात धुवावेत.

हा आजार पुन्हा होतो. नोरोव्हायरसचे प्रकार अनेक आहेत, आणि एका प्रकाराविरुद्धचे संरक्षण इतरांवर फारसे चालत नाही आणि कायमचे टिकतही नाही. लहान मुलांत तीव्र जुलाब घडवणारा रोटाव्हायरस वेगळा. त्याविरुद्ध तोंडाने द्यायची लस आहे आणि ती बाळाला वेळापत्रकाप्रमाणे, पहिल्या काही महिन्यांतच द्यायची असते.

प्रश्न : काल संध्याकाळपासून उलट्या-जुलाब पूर्ण थांबले आहेत. आज मुलीला शाळेत पाठवू का, आणि मी स्वयंपाकघरात जाऊ का?

उत्तर : दोन्हींना आज नाही म्हणतो. शेवटची उलटी किंवा शेवटचे पातळ शौच झाल्यापासून पूर्ण ४८ तास मुलीने घरी राहावे, आणि तेवढाच काळ आपणही इतरांसाठी अन्न शिजवू अथवा वाढू नये. बरे वाटू लागल्यानंतरचे पहिले काही दिवस संसर्गाच्या दृष्टीने जोखमीचेच असतात, आणि विष्ठेतून विषाणू दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ बाहेर पडत राहू शकतो. म्हणून ४८ तासांनंतर स्वयंपाकाला लागलात, तरी साबणाने हात धुण्याची शिस्त त्या दोन आठवड्यांत सैल करू नये. पोहण्याच्या तलावावर जाणेही तोवर लांबणीवर टाकावे. घरात स्वयंपाक करणारे दुसरे कोणी नसेल आणि आपल्याला चुलीपाशी उभे राहावेच लागणार असेल, तर हातमोजे घालून, नीट शिजलेले गरम पदार्थच करावेत. शिजवल्यानंतर ज्यांना हात लागतो असे कच्चे, चिरून वाढायचे पदार्थ चार दिवस ताटात नसले तरी चालतील.